हरीण कुठून येईल, हे नकाशा आधी सांगतो

ऑक्टोबर उजाडला की आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण होत नाही. तिथे अमेरिकेतल्या नैऋत्य विस्कॉन्सिनमधल्या किकापू नदीच्या खोऱ्याचा नकाशा पसरलेला असतो, आणि त्याचे कोपरे गुंडाळू नयेत म्हणून चारही बाजूंना डाळींचे डबे ठेवलेले असतात. मी इथे दर हिवाळ्याच्या तोंडाला व्हाइटटेल हरणाच्या शिकारीला जाते. पुण्यातल्या नातेवाइकांना हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे दिवसभर रानात हरीण शोधत हिंडता?" खरं तर उलट असतं. हिंडायचं हरणानं, आपण एका झाडावर मचाण बांधून गप्प बसायचं. मग प्रश्न एवढाच उरतो की कुठल्या झाडावर. शंभर एकर रानात हजारो झाडं असतात आणि माझ्या धनुष्यबाणाचा पल्ला जेमतेम वीस-पंचवीस यार्डांचा (एक यार्ड म्हणजे तीन फूट). त्या हजारोंमधलं एक झाड निवडायची अर्ध्याहून अधिक मेहनत घरीच, नकाशावर होते. ती कशी होते ते इथे सांगते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हरणांच्या शिकारीला बंदी आहे आणि ती तशीच राहायला हवी. इथली परिस्थिती निराळी आहे. दक्षिण विस्कॉन्सिनमध्ये हरणांना खाणारं मोठं जनावर फारसं उरलेलं नाही आणि मका-सोयाबीनवर पोसलेली हरणं भराभर वाढतात. त्यामुळे कुठल्या भागात शिंगं नसलेली किती हरणं मारता येतील, हे राज्य दरवर्षी ठरवतं आणि निसर्गसंपदा खातं त्या प्रमाणात त्यांचे परवाने देतं. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा केल्याशिवाय साधा परवाना काढता येत नाही. मीही तो केला, आणि त्यातला नकाशाचा तास मला सोपा गेला, कारण कॉलेजात असताना सह्याद्रीत टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा सरकारी नकाशा, हातात घेऊन बरीच वर्षं भटकले होते.

नकाशा वाचायचा म्हणजे समोच्च रेषा वाचायच्या. शाळेत भूगोलात आपण त्या काढल्यात, पण बहुतेकांना त्या नुसत्या वेलांट्या वाटतात. घंगाळात एक ओबडधोबड दगड ठेवा. त्यात बोटभर पाणी ओता आणि पाणी दगडाला जिथे टेकतं तिथे खडूनं रेघ मारा. आणखी बोटभर ओता, पुन्हा रेघ मारा. दगड बुडेपर्यंत हे करा आणि मग वरून बघा. दिसतील त्या समोच्च रेषा. जिथे रेघा एकमेकींना खेटून आहेत तिथे दगड उभा आहे, जिथे लांब लांब आहेत तिथे पसरट. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे जुने छापील नकाशे १:२४,००० प्रमाणाचे आहेत आणि आमच्या भागात दोन रेषांमध्ये वीस फुटांचा फरक असतो. आपल्याकडच्या १:५०,००० टोपोशीटवर हा फरक साधारण वीस मीटरचा असतो. म्हणजे सह्याद्रीच्या टोपोशीटवर तीन पुरुष उंचीचा कडासुद्धा दोन रेषांच्या मधे गडप होऊ शकतो, इथे तसं सहसा होत नाही.

किकापूच्या खोऱ्याची गंमत अशी की बाकीचं विस्कॉन्सिन हिमयुगातल्या बर्फाच्या थरांनी रंधा मारल्यासारखं घासून निघालं, पण हा कोपरा वाचला. बर्फानं वाहून आणलेल्या गाळ-दगडांना इंग्रजीत ड्रिफ्ट म्हणतात. तो इथे नाही म्हणून या मुलखाचं नाव ड्रिफ्टलेस. नद्या-ओढ्यांनी लाखो वर्षं कोरलेल्या दऱ्या जशाच्या तशा राहिल्या. दरीच्या तळापासून धारेपर्यंत तीन-चारशे फुटांचा चढ, उतारांवर ओक आणि मेपलचं दाट रान, धारेच्या सपाट माथ्यावर आणि दरीच्या तळाशी शेतं. खोऱ्यातलं साडेआठ हजार एकरांच्या आसपासचं किकापू व्हॅली रिझर्व्ह हे सार्वजनिक रान आहे, परवाना असेल त्याला तिथे शिकार करता येते. पहिल्यांदा तिथला नकाशा उघडला तेव्हा मला आपल्या मावळातल्या डोंगरांची लहान भावंडं बघितल्यासारखं वाटलं.

म्हणूनच या जमिनीसाठी मला शब्द शोधावे लागले नाहीत, ट्रेकर मंडळींकडे ते आहेतच. धार, धारेपासून दरीत उतरत गेलेली सोंड, दोन सोंडांमधली घळ, दोन टेकाडांच्या मधे धार जिथे खाली वाकते ती खिंड, आणि अर्ध्या डोंगरावर चढ मोडून जी सपाटी लागते तो पदर. नकाशावर यातला प्रत्येक आकार ओळखू येतो. रेषांचं टोक उताराच्या दिशेनं पुढे आलं असेल तर सोंड, चढाच्या दिशेनं आत शिरलं असेल तर घळ. दोन गोल वेटोळी शेजारी शेजारी आणि त्यांच्या मधे कंबर आवळल्यासारखी मोकळी जागा, ती खिंड. खेटून आलेल्या रेषा मधेच एका पट्ट्यात फाकतात आणि पुन्हा खेटतात, तो पदर. हा शेवटचा आकार बघायला डोळा तयार व्हावा लागतो, आणि माझ्या मते हरणाच्या दृष्टीनं तोच सगळ्यांत मोलाचा.

कारण हरीण आळशी नसतं, पण हिशेबी असतं. हिवाळ्यापूर्वी अंगावर चढवलेली चरबी ते उगाच जाळत नाही. धार ओलांडायची असेल तर माथ्यावर चढण्यापेक्षा ते खिंडीतून जाईल. डोंगराच्या कुशीनं लांब जायचं असेल तर चढउतार करत न बसता पदरावरून आडवं जाईल. आपल्या घाटवाटा नेमक्या खिंडींतूनच का जातात? बैलाला आणि माणसाला तीच वाट सोपी पडते म्हणून. आणि १६६१ मध्ये उंबरखिंडीत मोगली फौज कुठून येणार हे मराठ्यांना आधीच ठाऊक का होतं, याचंही उत्तर त्यातच आहे: आजूबाजूची जमीन दुसरी वाट ठेवत नाही. नरसाळ्यात वरून कुठूनही ओतलं तरी पाणी एकाच तोंडातून खाली येतं. नकाशावर आपण शोधत असतो ती अशी नरसाळी.

पण खिंड दिसली म्हणून लगेच मचाण बांधलं, असं चालत नाही. हरीण कुठून कुठे जातंय हे ठाऊक नसेल तर ती खिंड रिकामीच राहायची. त्याला दोन ठिकाणं लागतात: खायची आणि बसून रवंथ करायची. खायची जागा उपग्रहाच्या चित्रात दिसते. मक्याचं शेत, अल्फाल्फाचं, म्हणजे लसूणघासाचं हिरवं कुरण, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ओकची फळं पडतात ते उतार. बसायची जागा मात्र चित्रात दिसत नाही, ती ओळखावी लागते, आणि ओळखायची तर वाऱ्याचा विचार करावा लागतो.

मोठा नर दिवसभर बसतो तो शक्यतो वाऱ्याआडच्या उतारावर, धारेपासून साधारण एक तृतीयांश खाली. वारा धार ओलांडून त्याच्या पाठीमागून येतो, म्हणजे जिकडे त्याला दिसत नाही तिकडचा वास नाकाला कळतो. समोर खाली उतार मोकळा असतो, तिथलं डोळ्यांना दिसतं. आणि ऊन चढलं की दरीतली तापलेली हवा उताराला चिकटून वर येते, खालचा वासही त्याच्यापर्यंत आणून पोचवते. एका जागी बसून तिन्ही बाजूंची पहारेदारी. नोव्हेंबरमध्ये थंडीची लाट येते तेव्हा वारा बहुधा वायव्येकडून असतो. म्हणजे पूर्व-पश्चिम धारेचा दक्षिण उतार वाऱ्याआड पडतो, आणि त्यावर ऊनही भरपूर. नकाशावर मी त्या दिवसांसाठी दक्षिणेकडचे पदर पिवळ्या पेन्सिलीनं रंगवते.

हवेचं हे वर-खाली जाणं शाळेच्या पुस्तकात "दरीय वारे आणि पर्वतीय वारे" या नावाखाली होतं. दिवसा दरीकडून डोंगराकडे, रात्री डोंगराकडून दरीकडे. मी ते पाठ करून मार्क मिळवले होते. त्याचा अर्थ कळला तो पहिल्या हंगामात, एक संध्याकाळ वाया गेल्यावर.

मचाण मी धारेवर, मक्याच्या शेताच्या कडेला लावलं होतं. नकाशाच्या दृष्टीनं काहीच चुकीचं नव्हतं. हरणं दक्षिणेच्या पदरावर बसलेली, संध्याकाळी वर शेतात चरायला येणार, त्यांची ढोरवाट माझ्यापासून वीस यार्डांवर. वायव्येचा वारा माझा वास आग्नेयेला, वाटेपासून दूर नेत होता. सूर्य मावळायला आला आणि वारा पडला. अगदी पडला, पान हलेना. उन्हानं तापलेला उतार सावलीत गेला, हवा गार होऊन जड झाली आणि सायीसारखी उतारावरून खाली सरकू लागली, माझा वास घेऊन. तीन माद्या आणि एक पाडस चढत येत होती. पुढची मादी पन्नास यार्डांवर थबकली, मान ताठ केली, पुढचा पाय जमिनीवर आपटला आणि नाकातून असा फुत्कार सोडला की सगळं रान जागं झालं. चार पांढऱ्या शेपट्या उभ्या राहिल्या आणि खालच्या अंधारात नाहीशा झाल्या. त्यानंतर त्या शेताच्या कडेला मला दिवसाउजेडी हरीण दिसलं नाही.

आमचे शेजारी सत्तरी ओलांडलेले शेतकरी आहेत. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी काही न बोलता गोठ्यामागच्या कुंपणावरून मिल्कवीडची चार वाळलेली बोंडं तोडून दिली. मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईच्याच कुळातलं झाड, चिकही तसाच आणि बोंडातला कापूसही तसाच. लहानपणी आपण जी "म्हातारी" फुंकर मारून उडवतो, तीच. म्हणाले, "बसलीस की दहा-दहा मिनिटांनी एक सोड, आणि ती कुठे जाते ते नजरेआड होईपर्यंत बघ." वारा तपासायची पावडर दुकानात मिळते, पण ती दोन हातांवर विरून जाते. म्हातारी शंभर यार्ड दिसत राहते. ती सरळ जाते, मग एखाद्या सोंडेपाशी वळते, घळीच्या तोंडाशी गोल फिरते, अचानक वर उचलली जाते. आपला वास रानात नेमका कुठे जातो, हे डोळ्यांना दाखवणारं यापेक्षा चांगलं साधन मी पाहिलेलं नाही.

तेव्हापासून माझा नकाशावरचा प्रश्नच बदलला. आधी मी विचारायचे, हरीण कुठून जाईल? आता विचारते, हरीण जिथे जाऊच शकत नाही अशी जागा त्याच्या वाटेलगत कुठे आहे? कारण वास लपवता येत नाही. साबण, फवारे, वास शोषणारे कोळशाचे कपडे काहीही वापरा, माणसाचा वास येतोच. तो फक्त कुठे सांडायचा हे आपल्या हातात असतं.

माझं सध्याचं झाड या हिशेबानं कसं सापडलं ते सांगते. धार पूर्व-पश्चिम. पश्चिमेला माथा रुंद, त्यावर मका. पूर्वेकडे धार निमुळती होते, खिंडीत उतरते आणि पलीकडे एक टेकाड चढते. खिंडीच्या दक्षिण अंगाला, माथ्यापासून पाच रेषा खाली, म्हणजे शंभर फुटांवर एक पदर पश्चिमेकडून येतो. नकाशावर तो खिंडीखालून आणखी थोडा पूर्वेला सरकतो आणि तिथे रेषा इतक्या खेटतात की तपकिरी डाग वाटतो: वालुकाश्माचा कडा. पदर कड्याला जाऊन मिळतो आणि संपतो. आता हरणाच्या जागी उभं राहा. पदरावरून पूर्वेला आलात, पुढे कडा आहे, खाली उभा उतार आहे. सोपी वाट एकच उरते, डावीकडे वळून खिंडीतून धार ओलांडायची. पदराची वाट आणि खिंडीची वाट जिथे मिळते ती जागा नकाशावर नखाएवढी आहे. माझं मचाण तिच्या आग्नेयेला बावीस यार्डांवर, कड्याच्या काठावरच्या एका जुन्या ओकवर. वायव्येचा वारा हरणाकडून माझ्याकडे येतो आणि माझ्याकडून कड्याबाहेर मोकळ्या हवेत जातो. तिथे हरीण असूच शकत नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ही जागा आणखी कामाला येते, कारण तेव्हा नर माजावर असतात. माजावरचा नर खायला हिंडत नाही, माद्या जिथे बसतात त्या जागा हुंगत हिंडतो. तेही वाऱ्याआडच्या अंगानं, पदरापदरानं, म्हणजे एका फेरीत सगळ्या उतारावरच्या वासांचा हिशेब लागतो. एरवी रात्रीच बाहेर पडणारा नर या दिवसांत भर दुपारीही खिंड ओलांडतो.

राहिली आपली स्वतःची वाट. लोक मचाण नीट निवडतात आणि तिथे पोचताना सगळं घालवतात. पहाटे हरणं वर मक्यात असतात, तेव्हा गाडी धारेवर लावून शेतातून चालत जाणं म्हणजे त्यांच्या ताटावर जाऊन उभं राहणं. मी खालून जाते. कड्याच्या पूर्वेला एक घळ आहे, तिच्यात ओढा. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून ओढ्याच्या पाण्यातून चढायचं. पाण्यात पाऊल वास ठेवत नाही आणि खळखळाटात वाळक्या पानांचा आवाज बुडतो. अंधारात गार हवा घळीतून खालीच वाहत असते, त्यामुळे माझा वासही माझ्यामागे दरीत उतरतो. दिवस उगवायच्या आधी तासभर मी झाडाशी असते. हरणांची वाट मला कुठेच ओलांडावी लागत नाही. नकाशावर अशी वाट सापडली नाही तर मी ती जागा सोडून देते, कितीही सुंदर खिंड असली तरी.

सार्वजनिक रानात आणखी एक गोष्ट आखून घ्यावी: गाड्या लावायच्या जागा. बहुतेक शिकारी तिथून जेवढं चालतात तेवढा पट्टा हरणं हंगामाच्या पहिल्या शनिवारीच सोडतात, आणि अवघड घळींमध्ये सरकतात. बाकीची माणसं हीदेखील भूप्रदेशाचाच भाग धरायची.

इलिनॉयसारख्या सपाट मुलखात हे सगळं लागू पडत नाही, कारण समोच्च रेषा जवळजवळ नसतातच. तिथे झाडीच डोंगराचं काम करते: दोन रानांना जोडणारी कुंपणाकाठची झाडांची ओळ, ओढ्याचा उतार, शेत रानात कोपरा करून शिरतं ती आतली कड. उपग्रहाचं चित्र तिथे पुरेसं होतं. डोंगराळ भागात मात्र हल्ली लायडारवर बनवलेले छाया-नकाशे फार उपयोगी पडतात. विमानातून लेझर सोडून झाडीखालची उघडी जमीन मोजलेली असते, त्यामुळे वीस फुटांच्या रेषांमध्ये लपलेले छोटे पदर आणि शंभर वर्षांपूर्वीच्या लाकूडतोडीच्या गाडीवाटा त्यात सुरकुत्यांसारख्या दिसतात. हरणं त्या जुन्या गाडीवाटा अजून वापरतात.

एवढं झाल्यावर जागेवर जावंच लागतं. मी मार्चमध्ये जाते, बर्फ वितळल्यावर आणि पालवी फुटायच्या आधी. गेल्या हंगामातल्या वाटा, शिंगं घासून सोललेली साल, लेंड्या, बसल्याच्या दबलेल्या जागा तेव्हा स्वच्छ दिसतात आणि तेव्हा हरणं बिथरली तरी हंगाम सहा महिने लांब असतो. मचाणाची उंचीही तिथेच ठरते. सपाटीवर अठरा फूट पुरतात, पण उतारावर वरच्या अंगानं येणाऱ्या हरणाची नजर आणि आपण एकाच पातळीवर येतो, म्हणून खोडाचा आडोसा लागतो. बंदुकीच्या हंगामात हरणामागे काय आहे ते आधी बघायचं. पदरावरच्या हरणामागे डोंगराची माती असते, गोळी तिथे थांबते. धारेवर आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभ्या हरणावर कधीही गोळी झाडायची नाही. पलीकडच्या उतारावर कोण आहे हे आपल्याला दिसत नसतं. आणि जमिनीवरून पाय सुटल्यापासून परत टेकेपर्यंत कमरेचा-खांद्याचा पट्टा झाडाला बांधलेला हवा. इथल्या शिकारीतल्या गंभीर दुखापतींमध्ये मचाणावरून पडणं हे मोठं कारण आहे, आणि त्यातली बरीच माणसं चढता-उतरताना पडतात.

नकाशा वाचायची हीच रीत आपल्याकडे शिकारीशिवाय कामाला येते. वाघ-बिबट्यांच्या मोजणीसाठी कॅमेरे लावताना खिंडी, ओढ्यांची पात्रं, जंगलातल्या वाटा जिथे मिळतात त्या जागाच निवडतात. बुद्धपौर्णिमेला ज्यांना पाणवठ्यावरच्या मचाणावर रात्र काढायला मिळते, त्यांनी आदल्या दिवशी त्या पाणवठ्याभोवतीच्या समोच्च रेषा बघून जाव्यात. कुठल्या घळीतून सांबर उतरेल याचा अंदाज आधी बांधायचा आणि मग रात्रभर ते ताडून बघायचं.

गेल्या वर्षी ७ नोव्हेंबरला मी त्या ओकवर होते. पावणेसातच्या सुमाराला सूर्य उगवला. पहिली म्हातारी सोडली, ती घळीकडे खाली उतरत गेली. उतारावर ऊन आल्यावर दुसरी सोडली. ती जरा वेळ समोर तरंगली, मग वायव्येच्या वाऱ्यानं उचलली आणि कड्याबाहेर, दरीवरच्या धुक्यावरून लांब पूर्वेला गेली. तिच्याकडे बघत असतानाच डावीकडे पदरावर पाचोळा वाजला. नाक जमिनीला लावून एक नर आला, कड्यापाशी थांबला आणि खिंडीकडे वळला.